आमची फिरंगीण: आजोबांनी बोटीवरून आणलेल्या बाहुलीबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

मालवणच्या आमच्या घरात काचेच्या कपाटात १४ बाहुल्या आहेत. आजोबा बोटीवर होते, इंजिन रूमला तेलवाले, आणि प्रत्येक मोठ्या सफरीवरून एक बाहुली आणायचे. त्यातली लाल झग्याची जी आहे ना, तिच्याबद्दल सगळ्यात जास्त विचारतात. पाहुणे विचारतात, शेजारी विचारतात, आता तर ज्यांच्या घरी अशाच बाहुल्या आहेत ते लोकही फोन करून विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय.

ही बाहुली नक्की कुठली?

स्पेनची. फ्लॅमेन्को नाचणारी बाई आहे. उंची बैठक धरून २३ सेंटीमीटर, लाल झगा, त्यावर पांढरे ठिपके, खाली झालरींचे ४ थर आणि मागे मोरासारखा लांब पसरलेला घोळ, ज्याला तिकडे बाता दे कोला म्हणतात. डोक्यात उंच कंगवा आहे, त्याला पेइनेता म्हणतात, कानात मोठी डुलं. उजवा हात वर, डावा कमरेशी. उजव्या हातात लाकडी चिपळीसारखं वाद्य आहे, कॅस्टानेट. डाव्या हातातलं तुटलं, त्याबद्दल खाली लिहिलंय.

मग तुमच्या घरात सगळे पोर्तुगीज बाहुली का म्हणायचे?

कारण आमच्याकडे झगा म्हटला की गोवा आणि गोवा म्हटलं की पोर्तुगीज! बाजूलाच गोवा, झगेवाली बाई दुसऱ्या कुठल्या देशातली असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आजी तिला फिरंगीण म्हणायची आणि तेच नाव राहिलं. आजोबांनी पण कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. ते गेल्यानंतर मी एकदा कपाट साफ करताना तिला उलटी धरली तेव्हा बैठकीखाली अर्धं फाटलेलं लेबल दिसलं, त्यावर मारीन, चिक्लाना एवढं वाचता येत होतं, आणि तिथून सगळा शोध सुरू झाला.

मारीन चिक्लाना म्हणजे काय?

बाहुल्यांचा कारखाना. स्पेनच्या दक्षिणेला कादिस प्रांतात चिक्लाना दे ला फ्रोंतेरा नावाचं गाव आहे, समुद्राजवळचं, तिथे होसे मारीन वेर्दुगो यांनी १९२८ साली हा सुरू केला. आधी लगदा-कापडाच्या बाहुल्या, मग पुढे प्लास्टिकच्या. कपडे शिवणं, चेहरे रंगवणं ही हातानेच करायची कामं, आणि ती करणाऱ्या बहुतेक गावातल्या बायका. स्पेनला जाणारा जो तो टुरिस्ट एक उचलून आणायचा त्यामुळे त्या जगभर गेल्या. २०१४ साली तो कारखाना बंद पडला.

एक गोष्ट मला फार आवडते. स्पेनमध्ये घरोघरी या बाहुल्या टीव्हीवर ठेवायची पद्धत होती, ती तिकडची एकदम ओळखीची आठवण आहे. आणि आमच्याकडे घरात पहिला टीव्ही आला तेव्हा त्यावर क्रोशाचा रुमाल आणि त्या रुमालावर कोण तर फिरंगीण! कुणी सांगितलं नव्हतं, कुठे बघितलं नव्हतं. (हे चांगलं झालं नाही म्हणा, जुन्या टीव्हीच्या वरच्या जाळीतून गरम वाफ यायची, त्याने तिच्या केसांवरची जाळी कडक होऊन तुटली.)

आजोबांनी ती स्पेनमध्येच घेतली का?

स्पेनच, पण युरोपातलं नाही. लास पाल्मासला घेतली. हे कॅनरी बेटांवरचं बंदर, आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर, पण देश स्पेनच. आता मालवणचा माणूस तिथे कसा गेला तर सुएझमुळे. जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर सुएझ कालवा बंद झाला तो थेट जून १९७५ ला उघडला. तेवढी ८ वर्षं मुंबईहून युरोपला जाणाऱ्या बोटी आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून जायच्या, मुंबई-लंडन अंतर साधारण ८ हजार किलोमीटरने वाढलं होतं, आणि त्या वाटेवर इंधन-पाणी भरायला लास पाल्मास सोयीचं पडायचं. तिथल्या बाजारात सिंधी व्यापाऱ्यांची बरीच दुकानं. आजोबा सांगायचे की महिना-दीड महिना पाणीच पाणी बघितल्यावर दुकानात शिरलो आणि समोरचा माणूस म्हणाला, "आओ भाई, कहाँ से?" मग काय, भाव करायला भाषा मिळाली. फिरंगीण त्याच दुकानातली.

म्हणजे स्पेनच्या कारखान्यात बनलेली बाहुली, आफ्रिकेजवळच्या बेटावर सिंधी माणसाने मालवणी खलाशाला विकली. मला तिची किंमत यात वाटते.

हे सगळं खरं कशावरून? पुरावा काय?

बरोबर प्रश्न आहे, विचारलाच पाहिजे. पुरावा तीन ठिकाणी आहे. एक, बैठकीखालचं लेबल. दोन, आजोबांची नली. बोटीवरच्या लोकांना सांगायला नको, सीडीसीला आमच्याकडे नली म्हणतात, खलाशाचं ते पुस्तक ज्यात कुठल्या बोटीवर कधी चढला, कधी उतरला याचे शिक्के असतात. त्यात नोव्हेंबर १९६८ ला मुंबईत साइन-ऑन आणि ऑगस्ट १९६९ ला मुंबईतच साइन-ऑफ आहे. मधली बंदरं नलीत येत नाहीत, त्यामुळे लास पाल्मासचं नाव तिथे नाही, ते आजोबांच्या तोंडचं आहे. पण तारखा सुएझ बंद असतानाच्या आहेत, बोट युरोपला जाणारी होती, म्हणजे गोष्ट जुळते.

आणि तिसरा पुरावा म्हणजे तिच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावरचा पाण्याचा डाग. एरवी आजोबा मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने यायचे, मालवणला बोट लांब उभी राहायची, मग होडीतून धक्क्याला. पण पावसाळ्यात आगबोट बंद. ऑगस्टात उतरले म्हणजे एसटीशिवाय पर्याय नाही, ट्रंक गाडीच्या टपावर, आणि अख्ख्या रस्त्याला पाऊस. ट्रंकेत पाणी शिरलं, खोक्याचा तळ फुगला. तो तपकिरी डाग अजून आहे, कडेला अगदी लाटेसारखी रेघ उमटलीय. कितीजणांनी सांगितलं खोकं टाकून दे, वास मारतं. मी नाही टाकलं.

आजी काय म्हणाली?

हे सगळ्या बायका विचारतात. आजीने खोकं उघडलं, बाहुली सगळीकडून फिरवून बघितली आणि म्हणाली, "आणि हिचो पदर खंय आसा?" पण नंतर तिनेच तिला उरलेल्या ब्लाउजपीसची छोटी शाल शिवली. ती शाल मी वेगळ्या पाकिटात जपून ठेवलीय, बाहुलीच्या अंगावर घालत नाही कारण तिचा गडद हिरवा रंग उतरतो.

केवढ्याची असेल? विकणार का?

विकणार नाही. किंमत विचाराल तर या बाहुल्या प्रचंड संख्येने बनल्या, त्यामुळे सरसकट फार पैसे येत नाहीत. खूप जुन्या, लगद्याच्या, सगळे दागिने आणि मनगटावरचं मूळ कार्ड शाबूत असलेल्या असतील तर गोष्ट वेगळी. कुणी ऑनलाइन ४० हजार मागितलेले दिसले म्हणून हुरळून जाऊ नका, मागितलेली किंमत आणि विकली गेलेली किंमत यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, नेहमी विकल्या गेलेल्या वस्तू बघा. आणि कोण घरी येऊन "सगळं कपाट एकरकमी घेतो" म्हणाला तर त्या दिवशी तरी देऊ नका, आधी फोटो काढा, लेबलं वाचा, मग ठरवा.

ही अँटिक आहे ना? सरकारकडे नोंद करावी लागते का?

नाही. आपल्याकडचा पुरावस्तूंचा कायदा १९७२ चा आहे आणि त्यात अशा वस्तूला किमान १०० वर्षं व्हावी लागतात. ५०-६० वर्षांची बाहुली म्हणजे जुनी, व्हिंटेज म्हणा, अँटिक नाही.

आमच्याकडे पण आहे एक, कुठली ते कसं ओळखायचं?

कपड्यावरून ओळखू नका, हे आधी सांगते. हाँगकाँगला एकाच साच्यातल्या प्लास्टिकच्या बाहुल्यांना वेगवेगळ्या देशांचे कपडे घालून विकायचे, त्यामुळे डच टोपी घातलेली बाहुली हॉलंडची असेलच असं नाही. आमच्याकडे अशी एक निघालीय.

उलटी करा. बैठक, पाय, मानेची मागची बाजू, परकराच्या आतली शिवण, मनगट, इथे शिक्का किंवा चिठ्ठी असते. अमेरिकेच्या कायद्यामुळे १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव लागायला लागलं, त्यामुळे निर्यातीच्या वस्तूंवर बहुतेक वेळा देश सापडतो आणि देशाच्या नावावरून काळ पण कळतो. "ऑक्युपाइड जपान" असेल तर युद्धानंतर अमेरिकन ताबा होता तेव्हाची, म्हणजे १९५२ च्या आतली. पश्चिम जर्मनी लिहिलं असेल तर १९४९ ते १९९० मधली. सोव्हिएत युनियन असेल तर १९९१ च्या आधीची. शिक्का पुसट असेल तर मोबाइलचा टॉर्च आडवा धरा, म्हणजे अक्षरं उठून दिसतात, पण खडूने किंवा पेन्सिलने घासू नका हो.

मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि ते बोलताना रेकॉर्ड करा. मी आजोबांचं केलं नाही. त्यांच्याकडून ऐकलेलं आठवून लिहिलंय, आवाज नाहीये माझ्याकडे.

आमच्या जपानी लाकडी बाहुलीची मान फिरवली की चूंचूं आवाज येतो. बिघडलीय का?

अजिबात नाही! ती कोकेशी, जपानच्या ईशान्येकडच्या तोहोकू भागातली, आणि आवाज येतो म्हणजे बहुधा नारुको गावच्या पद्धतीची. तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर येणाऱ्या लोकांसाठी लेथवर बनवायला लागले. मान तशी बसवलेलीच असते. कृपा करून खोबरेल सोडू नका मानेत.

एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्या किती जुन्या?

प्रकारच मुळात १८९० च्या आसपासचा. पहिला संच ८ बाहुल्यांचा, लेथचं काम वासिली झ्व्योज्दोच्किन यांचं आणि रंगकाम सर्गेई माल्युतिन यांचं. तुमच्याकडच्या तेवढ्या जुन्या असायची शक्यता नाही, तळ बघा. आणि पावसात त्या फुगून अडकतात, तेव्हा जोर लावून उघडू नका, दिवाळीनंतर आपोआप सैल होतात.

पावसाळ्यात कशा सांभाळता? आमच्याकडे तर सगळ्याला बुरशी येते.

हा खरा प्रश्न. कोकणात बाहुलीचे दोनच मोठे शत्रू, ओल आणि ऊन, आणि आपण ओलीला घाबरून उन्हात घालतो. उन्हाने उडालेला रंग परत येत नाही.

मी काय करते ते सांगते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं नाही, मध्ये वीतभर जागा, कारण चिऱ्याची भिंत पावसाचं पाणी पिते आणि ती ओल सरळ फळीत येते. कपाटाच्या दाराला रबरी पट्टी लावून घेतली. आत सिलिका जेलच्या पुरचुंड्या, केशरी दाण्यांच्या, ते हिरवे पडले की ओल भरली समजायचं, मग ओव्हनमध्ये ११०-१२० डिग्रीला सुकवून परत ठेवायचे, त्यासाठी भांडं वेगळं ठेवा, जेवणातलं नको. आणि एक छोटा आर्द्रता मोजायचा मीटर. गेल्या जुलैत खोलीत ८८ टक्के दाखवत होता आणि कपाटात ६० च्या आसपास. ६५-७० च्या वर गेलं की बुरशी धरते, त्यामुळे मी ६० ला खूश असते.

जून ते सप्टेंबर कपाट कुणासाठी उघडत नाही. चार पाहुण्यांना दाखवायला दोनदा उघडलं की महिनाभराची मेहनत गेली.

प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत पाणी सुटतं. मऊ सुती कापडात ठेवा, अनेकदा धुतलेलं, स्टार्च न केलेलं. खळीचा वास लागला की कसर आणि झुरळं आलीच. आमच्याकडे आजोबांच्या जुन्या धोतराचे तुकडे आहेत, त्याच्यासारखं कापड नाही. काहीजण ओल ओढायला तांदूळ ठेवतात, तेही नको, पोरकिडे होतात.

डांबरगोळ्या चालतील का?

नाही नाही नाही. डांबरगोळीच्या वाफेने काही प्रकारचं प्लास्टिक मऊ पडतं, गोळी टेकली तर खड्डाच पडतो. कापराचंही तेच. लवंग कापडाला टेकली तर तेलाचा डाग. सुकलेला कडुनिंब कपाटाच्या बाहेर ठेवा, आत पानांचा चुरा नको.

बाहुलीला व्हिनेगरसारखा वास येतोय.

ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळी करा. काही जुनं प्लास्टिक सडायला लागलं की आंबूस वास येतो, त्यातून आम्ल सुटतं आणि बंद कपाटात शेजारच्यांना पण खातं. हवेशीर, थंड जागी ठेवा. अंगाला हात चिकटतो, तेलकट लागते तर तेही प्लास्टिकमधलं मिसळण बाहेर येतंय, पावडर लावून झाकू नका.

आणि अगदी हलकी, पातळ, अंड्याच्या कवचासारखी जुनी बाहुली असेल, चोळल्यावर कापरासारखा वास येत असेल तर ती सेल्युलॉइडची असू शकते. ती भडकन पेटते. समई, निरांजन, गॅस यांच्या जवळसुद्धा नको, आणि कुठे वाचून सुई तापवून वगैरे टेस्ट करायला जाऊ नका.

कपडे धुवायचे का?

नाही. याबाबतीत मी जरा कडक आहे, कारण मी बघितलंय काय होतं ते.

चतुर्थीची साफसफाई चालू होती, मी तेव्हा नववीत. घरातल्याच एका मोठ्या माणसाने अगदी प्रेमाने, बिचारीला किती वर्षांत आंघोळ नाही म्हणून, फिरंगिणीचा झगा काढून साबणाच्या पाण्यात बुडवला. लाल रंग सुटला. पांढऱ्या लेसच्या ४ झालरींपैकी खालच्या २ गुलाबी झाल्या, एकसारख्या पण नाही, पुढून फिकट आणि मागे घोळात जिथे पाणी साचलं तिथे गडद. ठिपके कापडावर छापलेले होते, त्यातले काही कडेने सोलले. आणि झगा परत चढवताना डावी करंगळी गेली. आजोबा तेव्हा होते. काही बोलले नाहीत, बाहुली घेतली, झालर बोटाने सरळ केली आणि कपाटात ठेवून दिली. मला ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

म्हणून फक्त मऊ ब्रश, रंगकामाचा नवा कोरा ब्रश घ्या, कोरड्या दिवशी, वरून खाली झटकायचं. बुरशी असेल तर घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, कोरडीच झटका, ओल्या फडक्याने पुसली तर ती कापडात घुसते. गंजलेल्या टाचण्या दिसल्या तर हळूच काढून घ्या, खाऱ्या हवेत टाचणी दोन पावसात गंजते आणि तो डाग जात नाही.

तुटलेलं जोडायचं कसं?

झटपट चिकटणाऱ्या गमने नाही. आमच्या डाव्या हातातलं कॅस्टानेट तुटलं तेव्हा ओळखीच्या एकाने तो गम लावला, तो ओघळून तळहातावर पांढरा चट्टा उमटला आणि आठवड्यात तुकडा परत पडला, तो नेमका हरवला. तुटलेला तुकडा छोट्या पाकिटात घालून त्यावर तारीख आणि कुठला ते लिहून ठेवा, तुकडा जवळ असेल तर कधीतरी जाणता माणूस मिळेल. दुसऱ्या बाहुलीचा भाग आणून बसवला तर तसं लिहून ठेवा, पुढच्याला कळायला हवं मूळचं काय.

गणपतीच्या आराशीत ठेवता का?

आधी ठेवायचो, दरवर्षी! डाव्या बाजूला फिरंगीण, उजवीकडे जपानीण, आणि येणारा प्रत्येक जण आधी बाप्पाला नमस्कार करून मग त्यांच्याकडे बघायचा. आता नाही ठेवत. वर माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली पानाफळांची चौकट, तिचं पाणी ठिबकतं, खाली समई, धूप, आणि महिना भाद्रपदाचा. आता मोठा फोटो फ्रेम करून ठेवतो.

मुलांच्या हातात देता का?

ही खेळायची बाहुली नाहीच. आपल्याकडे मुलींना खेळायला लाकडाची ठकी असायची, ती आपटली तरी चालायची. माझ्या भाचीसाठी सावंतवाडीहून, चितार आळीतून लाकडी खेळणी आणलीत, ती दणकट असतात, तिला त्यांच्याशी खेळू दे. फिरंगीण ती बसून, दोन्ही हात धुऊन पुसून, मांडीवर टॉवेल घेऊन धरते. एवढं तिला जमतं आणि आवडतं.

अशा बाहुल्या बघायला कुठे मिळतील?

दिल्लीला बहादूर शाह जफर मार्गावर शंकर्स इंटरनॅशनल डॉल्स म्युझियम आहे, व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ साली सुरू केलेलं, देशोदेशीच्या हजारो बाहुल्या आहेत. दिल्लीला गेलात तर मुलांना घेऊन जाच.

तुमच्या घरी येऊन बघता येईल का?

या की. दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत कधीही, आदल्या दिवशी कळवून. तुमची बाहुली आणणार असाल तर पिशवीत आडवी नका आणू, खोक्यात उभी, खाली सुती कापड, आणि खोकं जुनं असेल तर तेही आणा, त्यावर काय लिहिलंय ते बघू.